गळलेली ओळ

आमच्या धंद्यात पाप एकच. चूक नजरेतून सुटणं हे पाप नव्हे. चुका सुटतातच, आणि पुस्तक छापून हातात आलं की पहिल्याच पानावर दात काढून बसलेल्या असतात. पाप म्हणजे मूळ प्रतीत नसलेलं काही आपल्या पदरचं घालणं, किंवा असलेलं आपल्या मर्जीने काढणं. मी चौदा वर्षांची असताना कुणाच्या तरी कवितेत मला बरा वाटलेला एक शब्द घुसडला होता. बाबांनी कान धरला नाही की आवाज चढवला नाही. म्हणाले, "लेखक मूर्ख असला तर त्याचा मूर्खपणा नीट छापायचा. आपलं शहाणपण आपल्या घरी ठेवायचं." त्यानंतर हे पाप मी दोनदा केलं. पहिल्यांदा एकवीस वर्षांची असताना, आणि दुसऱ्यांदा आत्ता, त्रेचाळिसाव्या वर्षी, चांगली अक्कलदाढ आल्यावर.

आम्ही बापलेक एका छापखान्यात प्रुफं तपासतो. कागदाच्या कोठाराशेजारी आमची खोली आहे. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक खिडकी, जी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. त्यामुळे मूळ प्रत त्यांच्यासाठी आम्ही मोठ्या अक्षरांत छापून घेतो, आणि ते मान तिरकी करून तिच्यावर भिंग फिरवतात. मी समोर बसून प्रूफ मोठ्याने वाचते. वाचते म्हणजे चिन्हांसकट. 'तो रडला पूर्णविराम नवा परिच्छेद आई म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू.' बाहेरचा माणूस दारात उभा राहिला तर त्याला वाटेल, इथे वेड्यांचा बाजार भरलाय. सूर लावायचा नाही हा नियम आहे, कारण सूर लागला की कान गोष्टीत जातो आणि चूक निसटते. बाबांना चूक सापडली की ते पेन्सिलीने टेबलावर टक् करतात. मी थांबते, खूण करते, पुढे जाते. असं आम्ही लग्नपत्रिकेपासून शब्दकोशापर्यंत सगळं नजरेखालून घातलंय.

ती युद्धाची कादंबरी आली तेव्हा मालक स्वतः गठ्ठा घेऊन आमच्या खोलीत आले. त्यांना हसू आवरत नव्हतं. लेखक पूर्वी सैन्यात कारकून होता, लांब कुठेतरी राहतो, आणि त्याने दोन अटी घातल्या होत्या. एक, तपासायला हे बापलेकच हवेत. दोन, म्हातारेबाबा जे खोडतील ते खोडायचं, लेखकाला विचारायचं नाही. मालक म्हणाले, जन्मात असा लेखक पाहिला नाही, बाकीचे एका स्वल्पविरामासाठी गळा धरतात. बाबा खूश झाले. धंद्यात नाव झालंय आपलं, म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण कौतुकाने माझीही मान जरा ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू.

युद्ध म्हटलं की आमच्या घरात एक चौकट आठवते. पुढच्या खोलीत, दाराच्या बरोबर समोर ती लावलेली आहे. आत माझ्या धाकट्या भावाचं प्रमाणपत्र आहे: 'माघारीचा आदेश मिळूनही स्वखुशीने मागे राहून, रस्त्याचे वळण एकट्याने रोखून, सहकाऱ्यांचे प्राण वाचविले.' सैन्यात जायच्या आधी तो याच छापखान्यात खिळे जुळवायचा. पोरवयापासून शिशाच्या खिळ्यांत लोळलेला, म्हणून सगळे त्याला खिळ्याच म्हणत. तो गेला त्याला बावीस वर्षं झाली. शाळेच्या सभागृहाला त्याचं नाव आहे. दरवर्षी तिथे बाबांना पहिल्या रांगेत बसवतात, आणि निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या नावामागे 'वीरपिता' छापतात. ती पत्रिकाही बाबाच तपासतात.

तर वाचायला सुरुवात केली, आणि पहिल्या प्रकरणापासून बाबांचं डोकं फिरलं. त्या कादंबरीत कुणी हल्ला चढवत नव्हतं, कुणी छाती पुढे काढत नव्हतं. एक धिप्पाड गडी बूट हरवला म्हणून रडत होता. दुसऱ्याने मेलेल्या मित्राचे मोजे ढापले आणि मग आठ दिवस त्याला जेवण जाईना. पदक मिळवलेला एक हवालदार तोफा सुरू झाल्या की चुलीमागे जाऊन बसायचा, आणि सगळ्यांत भित्रा म्हणून ज्याची टिंगल व्हायची तो स्वयंपाकी पाण्याचे डबे घेऊन रोज थरथरत पुढे जायचा आणि थरथरत परत यायचा. बाबा म्हणाले, हे सैनिक आहेत की लग्नघरातले रुसलेले पाहुणे? त्यांचं म्हणणं सरळ होतं: शूर माणूस भीत नाही, भितो तो शूर नाही, आणि लेखकाला हे कळत नसेल तर त्याने पाककृती लिहाव्यात. मी म्हटलं, खोडा मग, तुम्हाला मुभा आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे तिरक्या मानेने असं पाहिलं की मी निमूट पुढचं पान घेतलं.

पाचव्या प्रकरणात एक वाक्य होतं: 'भीती सगळ्यांनाच वाटत होती, काहींना ती लपवायला वेळ मिळाला, एवढंच.' मी नेहमीसारखं सपाट वाचलं. बाबांनी भिंग पुढच्या ओळीवर नेलं. दुपारी डबा खाताना मात्र त्यांनी विचारलं की ते मोजेवाल्याचं पुढे काय होतं, तुला माहीत आहे का. प्रुफाच्या पुढचं विचारायचं नाही हा त्यांचाच नियम. इतक्या वर्षांत तो मोडताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

सहाव्या प्रकरणात 'उलटवाचू' आला.

तो एक बारीक पोरगा होता. त्याला उलटं वाचता यायचं. साहेब टेबलापलीकडे कागद वाचत बसले की हा समोर उभा राहून तोच कागद उलट्या बाजूने वाचायचा आणि बाहेर येऊन सगळ्यांना बातमी द्यायचा. त्याच्या जिवावर तुकडीला दोन दिवस आधीच सगळं कळायचं. हे मी वाचत होते. उलटं कोण वाचतं? ज्याने लहानपणापासून शिशाचे खिळे उलटे जुळवलेत तो वाचतो. आमच्या घरी खिळ्या समोर बसून माझी शाळेची वही उलटी वाचायचा आणि मी कुणाला चिठ्ठी लिहितेय ते बाबांना सांगायचा. कितीदा मी त्याला झोडपलाय त्यापायी.

बाबांचं भिंग एका जागी थांबलं होतं.

"थांबू का?" मी विचारलं.

"का? चूक आहे?"

"नाही."

"मग वाच."

त्या दिवसानंतर बाबांनी त्या पुस्तकावर एक शब्द काढला नाही. पेन्सिल टक् टक् करत राहिली, चुका सापडत राहिल्या, पण कुरकुर बंद. मी मात्र नियम धाब्यावर बसवला. दुपारी बाबा खुर्चीतच अर्धा तास डोळे मिटतात. तेवढ्यात मी चौदावं प्रकरण काढलं, कारण अनुक्रमणिकेत त्याचं नाव 'वळण' होतं.

त्यात असं होतं. साहेबांच्या टेबलावर माघारीचा आदेश येतो. उलटवाचू तो सगळ्यांच्या आधी वाचतो आणि बाहेर येऊन कारकुनाला मिठी मारतो. मग तीन पानं तो आपली पिशवी भरतो. चमचा, सुई-दोरा, दोन जोड मोजे, अर्धा साबण, एकेक वस्तू. त्याला इतका आनंद झालेला असतो की तो साबणाचा वास घेतो आणि म्हणतो, घर. तेवढ्यात शेवटची टपाल गाडी येते आणि त्याला बापाचं पत्र मिळतं. पत्र अख्खं दिलेलं होतं. 'छपराची गळती बंद केली. तुझी जुळणीची पट्टी पुसून ठेवली आहे, कुणाला हात लावू देत नाही. ताई रोज तुझ्या नावाने खडे फोडते, म्हणजे तिला आठवण येते असे समज. मोजे ओले घालू नकोस. कुणी पुढे हो म्हटले तर लगेच पुढे होऊ नकोस. जपून राहा आणि परत ये. पाठ दाखवून आलास तर मात्र दार उघडणार नाही.' उलटवाचू ते एकदा सरळ वाचतो, एकदा उलटं वाचतो. मग पिशवीतल्या वस्तू एकेक करून परत बाहेर काढतो. कारकून म्हणतो, चल. तो हसतो, पत्र त्याच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, आमच्या घरचं दार फार जड आहे रे, एकदा लागलं की उघडत नाही. सगळे निघतात. तो वळणावर बसतो. पुढे काय झालं ते कुणीच पाहिलं नाही. आठवड्याने कारकून त्याचं प्रमाणपत्र टाइप करायला बसतो. 'स्वखुशीने हा शब्द मी घातला,' असं तो लिहितो. 'मला दुसरा सुचला नाही.'

बाबा समोर घोरत होते. मी ते पान पालथं घालून त्यावर हात ठेवून बसले.

ते पत्र आमच्याच घरून गेलं होतं. बाबा दिवसभर छापखान्यात डोळे फोडत, म्हणून घरची पत्रं ते सांगायचे आणि मी लिहायची. त्या दिवशी पत्र सांगून झालं, त्यांनी खाली सही केली आणि ते कामावर गेले. मी पत्र घेऊन पोस्टात गेले. ते दिवस असे होते की रेडिओ लावला की स्फुरण, रस्त्यावर निघालं की पताका, आणि मैत्रिणींच्या भावांची चर्चा तर विचारूच नका. आणि आमचे बाबा लिहितात काय, तर मोजे ओले घालू नकोस. मला लाज वाटली त्या पत्राची. शेवटची ओळ आणि सही यांच्यामध्ये बोटभर जागा होती. पोस्टाच्या काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन होतं. मी ते उचललं आणि 'परत ये'च्या पुढे ती ओळ लिहिली. वाचून पाहिली. मला ती फार आवडली. मग पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.

महिन्याने तार आली. त्या पत्राचं काय झालं, ते पोचलं तरी का, हे मला कधीच कळलं नव्हतं. बावीस वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की पोचलं नसेल. त्या तारेच्या दिवसापासून मी घराची आतली कडी लावत नाही. नुसतं दार लोटते. बाबा दरवेळी करवादतात की चोराला आमंत्रण आहे का. मी म्हणते, चोराने येऊन काय न्यायचं, व्याकरणाची पुस्तकं?

आता ती ओळ पोचल्याचं कळलं होतं. आणि चार दिवसांनी मी ती बाबांसमोर मोठ्याने, पूर्णविरामासकट वाचणार होते.

मी रडले नाही. मला राग आला. त्या कारकुनाचा आला, बावीस वर्षं गप्प बसला होतास तर आणखी दहा बसायला काय झालं होतं. स्वतःचा तर असा आला की सांगायची सोय नाही. आणि या सगळ्यातून एक हिशेबी विचार वर आला: हे बाबांना कळता कामा नये. मुलगा गेला, निदान तो शूर होता एवढं त्यांच्याकडे आहे. ते गेलं तर हातात उरतं काय, तर त्याला मारणारी मुलगी, जी रोज समोर बसून त्यांना वाचून दाखवते.

मार्ग सोपा होता, हेच वाईट. बाबांची मोठ्या अक्षरांची प्रत आणि माझं प्रूफ, दोन्ही संगणकावरच्या एकाच मजकुरातून निघतात. लेखकाने पाठवलेली खरी प्रत मालकांच्या कपाटात असते, ती कुणी बघत नाही. ऑपरेटर बाईंना मी सांगितलं, लेखकाने दोन वाक्यं काढायला कळवलंय, पत्रातली शेवटची ओळ आणि दारावरचं ते बोलणं. त्या माझ्या बरोबरीच्या, वीस वर्षांची ओळख. कानातली गाणी न काढता त्यांनी दोन्ही वाक्यं पुसली आणि पानं नव्याने काढून दिली. पापाला अडीच मिनिटंही लागली नाहीत.

चौदावं प्रकरण निघालं तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. बाबांनी चष्मा पुसला, भिंग पुसलं, पेन्सिलीला टोक केलं. शेजारच्या खोलीत यंत्र चालू होतं आणि टेबल किंचित हलत होतं. मी सुरू केलं. आदेश आला पूर्णविराम. मिठी मारली पूर्णविराम. चमचा स्वल्पविराम सुई-दोरा स्वल्पविराम. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता, पण सपाट होता, त्यात खोट नव्हती.

मग पत्र सुरू झालं.

'छपराची गळती बंद केली पूर्णविराम,' मी वाचलं, आणि बाबांनी भिंग खाली ठेवलं. ते कागदाकडे पाहतच नव्हते. त्यांचे ओठ हलत होते. जुळणीची पट्टी, खडे फोडते, मोजे. प्रत्येक शब्द माझ्या तोंडून निघायच्या आधी त्यांच्या ओठांवर येत होता. बावीस वर्षांपूर्वी एकदा सांगितलेलं पत्र त्यांना तोंडपाठ होतं. मी वाचत राहिले. 'जपून राहा आणि परत ये पूर्णविराम अवतरण बंद नवा परिच्छेद.' बाबांचे ओठ मिटले. तिथे त्यांचंही पत्र संपलं होतं. मला वाटलं, सुटलो.

मी पुढे वाचलं. त्याने पत्र एकदा सरळ वाचलं, एकदा उलटं वाचलं. मग पिशवीतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढल्या. सगळे निघाले. तो वळणावर बसला.

टक्.

"मागे जा," बाबा म्हणाले.

मी पत्रापासून पुन्हा वाचलं. पुन्हा त्याच जागी पेन्सिल वाजली.

"इथे मजकूर गळलाय."

"मूळ प्रतीतही असंच आहे, बाबा. तुमच्यासमोरच आहे."

त्यांनी भिंग उचललं आणि त्या ओळींवरून दोनदा फिरवलं. त्यांच्या प्रतीतही तेच होतं. तरी ते मान हलवत राहिले. मग अगदी धंद्यातली अडचण सोडवावी तशा शांतपणे त्यांनी मला समजावलं. हा पोरगा आदेश वाचून मिठी मारतो. तीन पानं पिशवी भरतो. साबणाचा वास घेतो. मग त्याला पत्र येतं, त्यात लिहिलंय जपून राहा आणि परत ये. आणि त्यावर तो काय करतो, तर पिशवी रिकामी करून मरायला बसतो?

"तो शूर होता," मी म्हटलं. "प्रमाणपत्रातही तेच आहे. स्वखुशीने."

"ते मी बावीस वर्षं वाचतोय. दर वेळी त्या शब्दाशी अडखळतो. ज्याला साबणाचा वास येतो तो माणूस विनाकारण थांबत नाही. विनाकारण पुतळे थांबतात." त्यांनी पेन्सिल माझ्या दिशेला केली. "तेरा प्रकरणं हा लेखक एकदाही खोटं बोललेला नाही. इथेच कसा बोलेल? मालकांच्या कपाटातली प्रत आण."

मी म्हटलं, मालक जेवायला गेलेत. ते म्हणाले, किल्ली कपाटाशेजारच्या खिळ्याला असते. मी म्हटलं, उद्या बघू. त्यांचे ते मधोमध डाग पडलेले डोळे माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी रोखलेले होते. मी उठले. यंत्राशेजारून गेले. कपाट उघडलं. प्रत काढली. एक मिनिट मनात आलं की ते पान फाडून यंत्राखाली टाकावं. पण ज्या माणसाला न छापलेली ओळही दिसते, त्याच्यापासून फाडलेलं पान काय लपणार.

परत येऊन बसले. पान उघडलं.

"वाच. चिन्हांसकट," बाबा म्हणाले.

मी वाचलं. 'जपून राहा आणि परत ये पूर्णविराम. पाठ दाखवून आलास तर मात्र दार उघडणार नाही पूर्णविराम. अवतरण बंद.' मग पिशवी रिकामी झाली. मग ते जड दाराचं बोलणं. ते वाचताना पहिल्यांदाच माझा सूर लागला. तो खिळ्याचाच सूर होता, थट्टेत बोलायचा तो.

शेजारचं यंत्र कुणीतरी बंद केलं आणि टेबल हलायचं थांबलं. बाबांच्या ओठांची हालचाल मी बघत होते. ते दार, दार असं काहीतरी पुटपुटत होते. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"ती ओळ माझी आहे, बाबा," मी म्हटलं. "मीच घातली. आणि आता इथून मीच काढली."

बाबांनी पेन्सिल टेबलाच्या कडेला समांतर ठेवली. भिंग तिच्या शेजारी ठेवलं. मग म्हणाले,

"म्हणून तू कडी लावत नाहीस."

मी मान हलवली. त्यांना दिसली नसेल.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "त्या ओळीचं. पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचली होती."

मी हातातली प्रत खाली ठेवली.

"माझ्या हातून न तपासलेला कागद कधी बाहेर गेलाय? वाचली. जरा जास्त वाटली. पण आवडली मला. बाप शोभतो असं वाटलं. खोडली असती तर खोडता आली असती. मीच राहू दिली."

"बाबा, ती मी पोस्टात..."

"वाचली होती म्हणतो ना," बाबा म्हणाले. आवाज असा की पुढे बोलायची सोय नव्हती. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तपासणाऱ्याने राहू दिलं की ते तपासणाऱ्याचं होतं. तुला हे चौदाव्या वर्षापासून शिकवतोय मी."

त्यांनी माझ्यासमोरचं प्रूफ ओढून घेतलं. जिथे ओळ गळली होती तिथे बोट ठेवून मला विचारलं, इथेच ना? मी त्यांचं बोट अर्धा इंच सरकवलं. त्यांनी पेन्सिल बाजूला सारली आणि खिशातलं शाईचं पेन काढलं. लेखकाने मुभा दिली होती, म्हातारेबाबा खोडतील ते खोडायचं. त्यांनी काहीच खोडलं नाही. गळल्याची खूण केली आणि समासात पेन टेकवलं.

"सांग," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"ओळ सांग. पत्र नेहमी मी सांगायचो, तू लिहायचीस. आता तू सांग."

मी सांगितलं. पाठ. दाखवून. आलास. तर मात्र. प्रत्येक शब्दाला ते थांबत होते, मान तिरकी करून कडेच्या नजरेने अक्षर शोधत होते. ओळ समासात तिरकी वर चढत गेली. दार उघडणार नाही. मी पूर्णविराम म्हणाले नाही, तो त्यांनीच दिला. मग दाराचं ते बोलणंही त्याखाली लिहून घेतलं. आणि सगळ्याच्या खाली त्यांनी सही केली, जशी त्या पत्राखाली केली होती.

चाळीस वर्षांच्या धंद्यात बाबांनी मूळ प्रतीत नसलेलं एक अक्षर कधी कुठे घातलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर बसून 'वाचली होती' एवढे दोन शब्द घातले, आणि मी ते तसेच जाऊ दिले.

शेजारचं यंत्र पुन्हा सुरू झालं. बाबांनी चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा परत लावला आणि भिंग हातात घेतलं.

"पुढे वाच," म्हणाले.

मी नवा परिच्छेद म्हणाले आणि वाचायला लागले.